परिपत्रकातली तारीख

६ मार्च २०२०. शुक्रवार. अमेरिकेतल्या सिअॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना कळवलं, की सोमवारपासून वर्ग प्रत्यक्ष भरणार नाहीत. तीन आवारांत मिळून पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी शिकत असलेलं हे विद्यापीठ. देशातल्या मोठ्या विद्यापीठांमध्ये असं पाऊल उचलणारं ते पहिलंच. जागतिक आरोग्य संघटनेने तोवर कोविडला महासाथ असं म्हटलंही नव्हतं. ती घोषणा व्हायला अजून पाच दिवस होते.

निर्णय धाडसी होता, पण तो घेता आला यात विद्यापीठाच्या दिनदर्शिकेचाही वाटा होता. तिथे वर्षाची विभागणी दोन सहामाह्यांऐवजी तिमाह्यांत होते. हिवाळी तिमाही संपायला जेमतेम दोन आठवडे उरले होते आणि अभ्यासक्रम जवळपास शिकवून झाला होता. त्यामुळे सूचनेला शेवटची तारीख देता आली: २० मार्च. पुढची तिमाही ३० मार्चला नेहमीप्रमाणे सुरू करण्याचा विचार आहे, मात्र ते आरोग्य खात्याच्या सल्ल्यावर अवलंबून राहील, असंही त्याच सूचनेत सांगितलं होतं. बारा दिवसांनी, १८ मार्चला, विद्यापीठाने पुढची तिमाहीही संपूर्ण ऑनलाइन होणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे पहिला अंदाज फसला. तरीही ‘आम्हाला अंधारात ठेवलं’ असं म्हणायला फारशी जागा उरली नाही. कुठपर्यंतचं ठरलं आहे, कुठून पुढचं ठरायचं आहे आणि ते कशावर ठरेल, या तिन्ही गोष्टी पहिल्याच सूचनेत होत्या.

वॉशिंग्टनच्या पहिल्या सूचनेनंतर चार दिवसांनी, १० मार्चला, हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या पदवी विद्यार्थ्यांना ईमेल पाठवला. वसंतातल्या सुट्टीनंतर परत येऊ नका, २३ मार्चपासून शिकवणं दुरून होईल आणि वसतिगृहातल्या खोल्या रविवारी, १५ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत रिकाम्या करा, असं त्यात म्हटलं होतं. निर्णय वैद्यकीय दृष्टीने योग्य होता. पण ज्याचं घर दुसऱ्या खंडात आहे, विमानाच्या तिकिटाला ज्याच्याकडे पैसे नाहीत किंवा ज्याच्या घरी अभ्यासाला कोपराही नाही, त्याला सामान बांधून निघायला पाच दिवस मिळाले. राहण्याची परवानगी अर्ज करून मागता येत होती. मात्र ती मिळेल की नाही, याची वाट पाहण्यातच त्यातले काही दिवस जाणार होते.

ऑनलाइन की प्रत्यक्ष, हा त्या काळातला गाजलेला वाद. विद्यार्थ्यांच्या घरात मात्र आणखी एक प्रश्न रोज विचारला जात होता: हे आपल्याला कधी कळणार? खोलीचं भाडं, मेसचे आगाऊ पैसे, रेल्वेचं आरक्षण, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, अर्धवेळ नोकरी, हे सगळं एखाद्या तारखेला बांधलेलं असतं. साथीचा अंदाज चुकणं अटळ होतं, कारण विषाणू कुणाचंच वेळापत्रक पाळत नव्हता. विद्यापीठांच्या हातात एवढंच होतं, की निर्णय कधी घ्यायचा, तो कुणी सांगायचा आणि न ठरलेल्या गोष्टींबद्दल काय बोलायचं. कोविडच्या त्या दोन वर्षांत विद्यापीठांची खरी कसोटी लागली ती या तीन गोष्टींत.

वर्गखोलीचं गणित

विद्यापीठ सुरू करायचं तर मुलांना अंतर ठेवून बसवू, असं म्हणणं सोपं आहे. बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद अशी एक खोली घेऊ. क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर. एरवी बाकांवर दाटीवाटीने सत्तर-बहात्तर मुलं इथे बसतात. दोन मुलांमध्ये दोन मीटर अंतर ठेवायचं तर प्रत्येकाला साधारण चार चौरस मीटर जागा लागते आणि खोलीत चोवीसच मुलं मावतात. बहात्तर जणांच्या तुकडीचे तीन गट करावे लागतात. शिक्षक एकच असेल तर एक तास त्याला तीनदा घ्यावा लागतो. दिवसाला सहा तास भरत असतील तर त्यांचे अठरा होतात. एवढ्या खोल्या नसतात आणि असल्या तरी एवढे शिक्षक नसतात.

म्हणूनच २०२० च्या उन्हाळ्यात नियोजनाला बसलेल्या बहुतेक विद्यापीठांनी एकच क्रम लावला. मोठी व्याख्यानं ऑनलाइन, लहान गटांच्या चर्चा जमल्यास प्रत्यक्ष आणि प्रयोगशाळा, कार्यशाळा, रुग्णालयातलं प्रशिक्षण यांना पहिला हक्क. कारण व्याख्यान पडद्यावर ऐकता येतं, पण टायट्रेशन करताना हात कुठे थांबवायचा किंवा रुग्णाचं पोट कसं तपासायचं, हे पडद्यावर शिकता येत नाही.

अंतराच्या गणितापलीकडे आणखी एक गणित होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे दोन समाजशास्त्रज्ञ, किम वीडन आणि बेंजामिन कॉर्नवेल, यांनी आपल्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या नावनोंदणीचा अभ्यास केला. कोण कुणाबरोबर कोणत्या वर्गात बसतो, याचं त्यांनी जाळं मांडलं. एक विद्यार्थी वर्गामुळे थेट भेटतो तो विद्यापीठातल्या साधारण ४ टक्के विद्यार्थ्यांना. पण एका सामाईक वर्गमित्रामार्फत, म्हणजे दोन पायऱ्यांत, ८७ टक्के विद्यार्थी एकमेकांशी जोडलेले निघाले आणि तीन पायऱ्यांत ९८ टक्के. यात वसतिगृह, खानावळ, मैदान, पार्टी काहीच धरलेलं नव्हतं. नुसतं वेळापत्रकच विषाणूला आवारभर फिरवायला पुरेसं होतं. मोठे वर्ग ऑनलाइन नेल्यावर हे जाळं विरळ झालं, पण तुटलं नाही.

विषय निवडायचं जेवढं स्वातंत्र्य अधिक, तेवढं हे जाळं दाट. आपल्याकडच्या महाविद्यालयांत ठरावीक तुकडी बहुतेक तासांना एकत्र बसते, त्यामुळे गट वेगळे ठेवणं तत्त्वतः सोपं. पण ती तुकडी महाविद्यालयात येते लोकलने आणि एसटीने, आणि तिथे तुकड्या राहत नाहीत.

मे महिन्यात ठरवणारे, ऑगस्टपर्यंत थांबणारे

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही तेव्हा तेवीस आवारांची आणि जवळपास पाच लाख विद्यार्थ्यांची सरकारी व्यवस्था. तिचे तेव्हाचे प्रमुख टिमथी व्हाइट यांनी १२ मे २०२० रोजीच सांगून टाकलं, की ऑगस्टपासूनचं सत्र मुख्यतः ऑनलाइन असेल. पुढच्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाने २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत मोठी व्याख्यानं ऑनलाइन होतील असं जाहीर केलं. लहान गटांतली शिकवणी शक्य तिथे प्रत्यक्ष घेण्याची वाट मोकळी ठेवली. तेव्हा अनेकांना ही घाई वाटली. पण या घाईतून शिक्षकांना तीन-चार महिने मिळाले. मार्चमध्ये एका आठवड्यात उरकलेलं ऑनलाइन शिकवणं आणि उन्हाळाभर आखून केलेलं ऑनलाइन शिकवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उलट बाजूला होतं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं चॅपल हिल इथलं आवार. १० ऑगस्टला तिथे प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात १३० विद्यार्थी बाधित निघाले आणि चाचण्यांमध्ये बाधितांचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं. १७ ऑगस्टला विद्यापीठाने पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइन नेत असल्याचं जाहीर केलं. स्थानिक आरोग्य विभागाने जुलैअखेरीसच निदान पहिले पाच आठवडे ऑनलाइन शिकवण्याचा सल्ला दिला होता. तो विद्यापीठाने वेळीच सगळ्यांसमोर ठेवला नाही, म्हणून प्राध्यापक चिडले. सल्ला न मानण्याला कदाचित कारणं असतील, पण तो न सांगण्याने पुढच्या प्रत्येक सूचनेवरचा विश्वास गेला.

विद्यापीठं इतकी का थांबत होती? आवार बंद म्हणजे वसतिगृहांचं आणि भोजनालयांचं उत्पन्न बंद. विद्यार्थी वर्षभराचा खंड घेतील किंवा शुल्कात सवलत मागतील, ही भीती वेगळीच. ‘वर्ग भरणारच आहेत’ असं जुलैत म्हणणं आर्थिकदृष्ट्या सोयीचं होतं. त्या सोयीची किंमत ऑगस्टमध्ये घर भाड्याने घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांनी मोजली.

इलिनॉय विद्यापीठाचं अर्बाना-शॅम्पेन इथलं आवार या दोन्हींहून वेगळं. त्यांनी लाळेवरची स्वतःची चाचणी तयार केली. आवारात येणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून दोनदा ती करायची, निकाल मोबाइलवर आणि त्यावरच इमारतीत प्रवेश. मागे भौतिकशास्त्रज्ञांनी केलेलं गणिती प्रारूप होतं. मुलं पार्ट्या करतील, हेही त्या प्रारूपात धरलेलं होतं. धरलं नव्हतं ते एवढंच, की आपण बाधित असल्याचं कळल्यावरही काही जण पार्टीला जातील. सप्टेंबरच्या सुरुवातीला रुग्ण वाढले. विद्यापीठाने आकडे लपवले नाहीत, ठरावीक मुदतीसाठी फिरण्यावर कडक निर्बंध घातले आणि सत्र पार पाडलं. त्यांच्याकडचं तंत्र उत्तम होतंच, पण चूक उघडपणे मोजण्याची सोय त्यांनी आधीपासून करून ठेवली होती, हे अधिक महत्त्वाचं.

कुंपण आधी, पत्र नंतर

सूचना उशिरा पोचली तर काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण मँचेस्टर विद्यापीठाचं. ५ नोव्हेंबर २०२० रोजी इंग्लंडमध्ये दुसरी टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी फॅलोफील्ड भागातल्या वसतिगृहांभोवती कामगारांनी उंच जाळीचं कुंपण उभं करायला घेतलं. विद्यार्थ्यांनी खिडकीतून पाहिलं ते हेच, कारण विद्यापीठाचं पत्र कुंपणानंतर आलं. विद्यापीठाचं म्हणणं असं, की बाहेरच्यांनी आत शिरू नये म्हणून हे केलं. विद्यार्थ्यांना वाटलं, आपल्याला कोंडलं. त्याच संध्याकाळी शेकडो मुलांनी कुंपण पाडलं, कुलगुरू नॅन्सी रॉथवेल यांना माफी मागावी लागली आणि कुंपण हटलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी भाडं थकवण्याचं आंदोलनही केलं आणि विद्यापीठाला त्या सत्राच्या भाड्यात ३० टक्के सूट द्यावी लागली.

कुंपणाआधी दोन दिवस तेच पत्र गेलं असतं, तर निदान भांडण कशावर आहे, हे दोन्ही बाजूंना कळलं असतं.

परीक्षा आहे की नाही?

मँचेस्टरमध्ये बोलणारं विद्यापीठ एक होतं. महाराष्ट्रात २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याशी एकाच वेळी चार-पाच जण बोलत होते.

मार्चच्या मध्याला महाविद्यालयं बंद झाली आणि मुलं गावी गेली. अनेकांची पुस्तकं वसतिगृहातच राहिली, कारण दोन-तीन आठवड्यांत परतू अशीच सगळ्यांची समजूत होती. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जुलैत परीक्षा घ्याव्यात अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक विद्यापीठाने शंकानिरसनासाठी कोविड कक्ष उघडावा, असंही त्यात होतं. ८ मे रोजी राज्याचे उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी फक्त अंतिम वर्षाची परीक्षा होईल, असं सांगितलं. ३१ मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तीही न घेता आधीच्या सत्रांच्या सरासरीवर गुण देण्याचं जाहीर केलं. कुलपती या नात्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्याला हरकत घेतली. १९ जूनला परीक्षा न घेण्याचा शासन निर्णय निघाला. ६ जुलैला यूजीसीने सुधारित तत्त्वांत सांगितलं, की अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागेल. युवासेनेसह अनेक जण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला न्यायालयाने निकाल दिला: आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, त्यासाठी आयोगाकडे मुदतवाढ मागू शकतं, पण परीक्षेविना अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करू शकत नाही.

एप्रिल ते ऑगस्ट या चार महिन्यांत एकाच प्रश्नाचं उत्तर होय, नाही, होय, नाही असं फिरत राहिलं. यातला प्रत्येक जण आपापल्या अधिकारात बोलत होता आणि प्रत्येकाकडे कारणं होती. राज्याला रुग्णसंख्या दिसत होती, आयोगाला पदवीची पत. पण ज्या विद्यार्थ्याने जूनमध्ये पुस्तकं बाजूला ठेवली, त्याला ती सप्टेंबरमध्ये पुन्हा काढावी लागली. परीक्षा ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात, बहुतांशी ऑनलाइन झाल्या. त्याआधी विद्यापीठांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या लेखणीबंद आंदोलनाने तयारी अडली. ऐन परीक्षेत मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेला, सायबर हल्ला झाल्याचं सांगून, पेपर पुढे ढकलावे लागले.

शब्दांची निवडही किती जपून करावी लागते, हे त्याच जुलैत दिसलं. राज्यातल्या काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असं छापलं गेलं. उद्या नोकरीच्या मुलाखतीत हा शिक्का दाखवायचा कसा, या प्रश्नाने गहजब झाला आणि सरकारला हस्तक्षेप करावा लागला. छापणाऱ्याच्या दृष्टीने ती नुसती नोंद होती.

योगायोगाने ६ जुलै हाच दिवस अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्याही पोटात गोळा आणणारा ठरला. ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्यांना देशात राहता येणार नाही, असं तिथल्या स्थलांतर विभागाने जाहीर केलं. त्या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत सुमारे १ लाख ९३ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांत मराठी घरांतली मुलंही होती. हार्वर्ड आणि एमआयटी दोन दिवसांत न्यायालयात गेल्या आणि १४ जुलैला सरकारने आदेश मागे घेतला. विद्यापीठाने कितीही नेटकी आखणी केली तरी व्हिसाचा एक नियम ती उधळू शकतो, हे त्या आठवड्यात उमगलं.

दीड जीबीत मावेल तेवढं

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधल्या पाहणीनुसार भारतात इंटरनेटची सोय असलेली घरं सुमारे २४ टक्के होती. शहरांत ४२ टक्के, खेड्यांत जेमतेम १५ टक्के. संगणक असलेली घरं ११ टक्क्यांच्या आत. ज्या विद्यापीठाने ‘सर्व तास ऑनलाइन होतील’ एवढं एकच वाक्य लिहिलं, त्याने हे आकडे विचारातच घेतले नव्हते. तासभराच्या व्हिडिओ व्याख्यानाला अर्धा ते एक जीबी डेटा सहज जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच संपतो, आणि घरात एक फोन दोन भावंडांत असेल तर विचारायलाच नको. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीवर आदळलं आणि कित्येक गावांतली वीज आणि नेटवर्क गेलं ते बरेच दिवस आलंच नाही. कोकणातली मुलं रेंज मिळेल त्या टेकडीवर जाऊन बसत, ती याच पावसाळ्यात.

ज्यांनी हे ध्यानात घेतलं त्यांची आखणी वेगळी झाली. मुंबईच्या आयआयटीने जूनच्या अखेरच्या आठवड्यातच पुढचं सत्र पूर्णपणे ऑनलाइन असेल असं जाहीर केलं. त्याच घोषणेत संचालक सुभाशिस चौधुरी यांनी गरजू विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि इंटरनेट पुरवण्यासाठी सुमारे पाच कोटी रुपये लागतील असं सांगून मदतीचं आवाहन केलं. निर्णय आणि त्याची किंमत एकाच पत्रात आली. जिथे असा निधी उभा राहणं शक्य नव्हतं, तिथल्या जाणत्या शिक्षकांनी थेट तासांचा हट्ट सोडला. दहा मिनिटांची ध्वनिफीत, पानांचे फोटो, व्हॉट्सअॅपवरचा गट आणि शंकांसाठी ठरलेली फोनची वेळ यांवर भागवलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच करत आलं आहे: विद्यार्थी समोर नाही असं धरूनच धडा लिहायचा. या अनुभवाकडे इतर विद्यापीठांनी आधी पाहिलं असतं, तर पहिले सहा महिने कमी ठेचकाळत गेले असते.

चांगली सूचना कशी असते

या सगळ्यातून साथीच्या काळातल्या सूचनेचा एक साधा आराखडा हाती येतो. काय ठरलं आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे. काय ठरलेलं नाही आणि ते कशावर अवलंबून आहे. पुढची सूचना कोणत्या दिवशी येईल, मग त्यात नवं काही असो वा नसो. प्रयोगशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, परदेशी विद्यार्थी, अपंग विद्यार्थी यांच्यासाठी वेगळं काय. अडचण आली तर कुणाला विचारायचं. आणि हे सगळं एकाच ठिकाणी, एकाच सहीने.

यातलं सर्वांत अवघड आहे ते न ठरलेल्या गोष्टी सांगणं. कार्यालयांना ‘अद्याप ठरलेलं नाही’ असं लिहिणं दुबळेपणाचं वाटतं. म्हणून मग ‘पुढील आदेशापर्यंत’ असं लिहिलं जातं. तेही खोटं नसतं, पण त्यावरून कुणाला तिकीट काढता येत नाही. नुसती तारीखही पुरत नाही. ५ जानेवारी २०२२ रोजी, ओमायक्रॉनच्या लाटेत, महाराष्ट्रातली महाविद्यालयं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद राहतील असं जाहीर झालं. लाट लवकर ओसरली आणि १ फेब्रुवारीपासूनच वर्ग भरू लागले. बातमी चांगलीच होती, पण १५ तारखेच्या हिशेबाने गावी गेलेल्यांची धावपळ झाली. ‘१५ फेब्रुवारीपर्यंत; मात्र परिस्थिती सुधारली तर आठ दिवस आधी कळवून वर्ग सुरू करू’ एवढं वाक्य पुरलं असतं.

कोविड ओसरला तरी हे प्रश्न ओसरलेले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीतल्या विद्यापीठांनी विषारी हवेमुळे काही दिवस वर्ग ऑनलाइन नेले. मुंबईत अतिवृष्टीच्या रेड अलर्टमुळे पेपर पुढे ढकलावे लागतात, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुंबईत पाऊस कोणत्या महिन्यांत कोसळतो हे सर्वांना ठाऊक असतं, तरी परीक्षा रद्द झाल्याचं विद्यार्थ्याला कधीकधी कळतं ते लोकलमध्ये उभं असताना. वर्षाच्या सुरुवातीला दिनदर्शिका छापतानाच त्यात आणखी एक पान घालता येईल: वर्ग भरू शकले नाहीत तर कोणते तास ऑनलाइन जातील, कोणती प्रात्यक्षिकं राखून ठेवलेल्या दिवशी होतील, पेपर रद्द करायचा निर्णय आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत होईल आणि तो कुणाच्या सहीने येईल. हे पान तयार करायला खर्च जवळजवळ काहीच नाही. फक्त ते जूनमध्ये, सगळं सुरळीत असताना, लिहावं लागेल.